शिट्टीनंतरच्या एक्केचाळीस फ्रेम्स

कॅसेटवर कुस्तीच्या हौद्यातली लाल माती वाळून बसली होती. म्हाताऱ्यानं ती धोतराच्या सोग्यानं पुसली, माझ्या काउंटरवर ठेवली आणि तिच्यावर पंजा ठेवून तसाच उभा राहिला.

"ही कॅम्प्युटरात घालून हळू करून दावता येती म्हनं?"

"येते, मामा."

"किती हळू?"

"एका सेकंदाचे पंचवीस तुकडे होतात. एकेक तुकडा थांबवून बघता येतो."

त्यानं मान हलवली. साठीचा असेल. दोन्ही कान चुरगळून मांसाच्या गोळ्यासारखे झालेले, म्हणजे जुना पैलवान. शर्टाच्या खिशातून त्यानं कागदाची पुडी काढली. आत मोबाइलचं छोटं कार्ड होतं.

"ह्यात बी तीच कुस्ती हाय. गावातल्या एका पोरानं मोबाइलवर धरलेली. चित्र न्हाय, मानसांच्या पाठीच हायती. पन आवाज हाय."

"कुणाची कुस्ती?"

"माज्या पोराची. बिरू मासाळ. माळेवाडीच्या जत्रंत मान मोडून गेला. तीन म्हैनं झालं."

मी पेन उचललं होतं, ते तसंच हातात राहिलं.

"पंच म्हंत्यात, आदी मान मोडली, मग मी शिट्टी मारली," मासाळमामा सांगत होते. "म्हंजे डावात मोडली. कुनाचा दोष न्हाय. पोलिसांनी बी तसंच लिवलं. पन मोबाइलवाला पोरगा म्हंतो, शिट्टी आदी झालती. मला दुसरं काय नगं. शिट्टी आदी का मान आदी, एवडंच दाव."

समोरचा पैलवान कोण होता, हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं. तो सर्जेराव होता, माझा धाकटा भाऊ.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी पावती फाडली आणि म्हणाले, "परवा दुपारी बाराला या."

ही दोन हजार आठ सालची गोष्ट. विट्यात मोटार स्टँडच्या मागं माझं व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान होतं. लग्नांच्या, बारशांच्या, जत्रांच्या कॅसेटी लोक आणून द्यायचे आणि मी त्यांच्या सीडी करायचे. आई-वडील लवकर गेले. सर्जा तेव्हा दहा वर्षांचा होता, मी सतराची. त्याला तालमीत मी घातला, त्याच्या बदामाची थंडाई मी वाटली, त्याचा लंगोटही मीच धुतला. माळेवाडीच्या त्या कुस्तीनंतर तो आठ दिवस जेवला नव्हता. मला वाटलं, आपल्या हातून माणूस गेला या दुःखानं.

कॅसेट जत्रा कमिटीनं देवळाच्या खोलीत टाकून दिली होती. टेपला पांढरी बुरशी आलेली. मी ती उघडून कापसानं पुसली, दुसऱ्या खोक्यात बसवली आणि व्हीसीआरला लावली. पहिल्यांदा कॉम्प्युटरवर घेताना मधल्या फ्रेम्स गळल्या. दुसऱ्यांदा नीट उतरली, पण ज्या सॉफ्टवेअरमध्ये मी हळू करायचे त्यात ती फाइल उघडेना, म्हणून तिचा प्रकार बदलून घेतला. मोबाइलच्या क्लिपनं तर रडवलं. ती सेकंदाला पंधराच फ्रेम्सची. बदलली की आवाज एकीकडे आणि चित्र एकीकडे पळायचं. शेवटी हलगीचे ठोके धरून मी दोन्ही आवाज एकमेकांवर बसवले. ठोक्यावर ठोका पडला, तेव्हा कळलं की आता दोन्ही खरं बोलताहेत.

मग मी कुस्ती पुढं सरकवली.

सर्जानं बिरूला खाली घेतला होता. बिरूचे दोन्ही खांदे मातीला लागले. पंच चौकटीच्या बाहेर होता, त्यामुळे चित्रात तो दिसत नाही. पण शिट्टी ऐकू येते. टेपमध्येही आणि मोबाइलमध्येही. लाऊडस्पीकरवर "चितपट!" अशी आरोळी येते. बिरू हात ढिले सोडतो. हसतो. सर्जाच्या पाठीवर दोनदा थापटतो, हरलेला पैलवान जिंकलेल्याला थापटतो तसं. सर्जा उठत नाही. त्याचा उजवा हात बिरूच्या हनुवटीखाली जातो, डावा डोक्यामागं. आणि तो पिळतो. बिरूचे पाय एकदाच वर उचलले जातात, टाचा मातीवर आपटतात, आणि मग ते पाय भरल्या पोत्यासारखे पडून राहतात.

शिट्टीपासून पिळण्यापर्यंत मी फ्रेम्स मोजल्या. एक्केचाळीस. दीड सेकंदाहून जास्त. पकड सोडायची चुकून राहिली असं म्हणावं, तर हा वेळ फार मोठा होतो.

मी उठून मागच्या मोरीत ओकले. तोंड धुतलं, परत बसले आणि संध्याकाळपर्यंत काम करत राहिले.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी सर्जाला विचारलं, "शिट्टी ऐकली होतीस तू?"

त्याचा घास ताटाजवळच थांबला. "कसली?"

"माळेवाडीला."

"कुणी काय आणून दिलंय तुला?"

तो ताटावरून उठला, हात न धुता बाहेर निघून गेला.

तिसऱ्या दिवशी, बारा वाजायला अजून अवकाश होता, तेव्हा सर्जा दुकानात आला. आत येताच त्यानं शटर अर्ध्यावर ओढलं.

"ताई, कॅसेट दे."

"लोकांची आहे ती, सर्जा."

त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. व्हीसीआर टेबलावरून उचलला आणि जमिनीवर आपटला. झाकण उडालं. कॅसेट आत अडकली होती, ती त्यानं बोटं घालून उपसली. बोट कापलं, रक्त आलं, तरी थांबला नाही. टेप खेचून काढली, हातभर, मग अजून हातभर, ढीग केला. लायटर पेटवला. टेप पेटली नाही, वितळत गेली, आणि दुकानभर काळा, घशाला चिकटणारा धूर झाला. मी पाण्याची कळशी घेऊन धावले, तर त्यानं कळशी माझ्या हातातून घेऊन माझ्याच छातीवर मारली. मी रॅकवर जाऊन आदळले. सीडींची थप्पी अंगावर कोसळली.

"कॉम्प्युटरात घेतलंयस?"

"नाही."

"खोटं बोलू नको!" आणखी कुठं उतरवून ठेवलंय का ते शोधायला त्यानं ड्रॉवर उपसला, काही सापडेना तसा तो उलटा करून भिंतीवर मारला. मग कॉम्प्युटरच्या डब्याकडं वळला. मी मधे उभी राहिले. दोन्ही हात पसरून, एखाद्या दारात आडवं उभं राहावं तशी.

"बाजूला हो ताई."

"त्याचे खांदे लागले होते. तू जिंकला होतास रे. मग का?"

"हसला तो!" सर्जा ओरडला. त्याच्या तोंडाची थुंकी माझ्या गालावर उडाली. "चितपट झाला तरी हसत होता. आणि पाठीवर थापटलं मला, बारक्या पोराला थापटतात तसं. गेल्या वर्षी मला पाडलं तवाबी असंच हसलाता. सगळी जत्रा बघत होती."

"तो शाबासकी देत होता तुला."

त्याचा हात माझ्या हनुवटीखाली आला. डावा डोक्यामागं. ही पकड मी पडद्यावर सत्तर-ऐंशी वेळा पाहिली होती, पुढं, मागं, थांबवून. ती आतून कशी लागते ते तेव्हा कळलं. आधी आवाज बंद होतो. मग डोळ्यांच्या कडा काळ्या होतात. मी त्याच्या मनगटावर नखं रोवली, पायानं टेबल ढकललं. त्याचा श्वास माझ्या कानात येत होता. त्यात राग असा नव्हताच. एखादं काम चाललेलं असावं, तसा तो श्वास होता.

"कुटं हाय ते सांग," तो म्हणाला. "सांग ताई. नाय तर..."

शटर खडखडून वर गेलं.

मासाळमामा ठरल्या वेळेला आले होते. त्यांनी एकदा पाहिलं. हातातली पिशवी खाली ठेवली. मग ते वाकले, सर्जाचा मागचा पाय घोट्याजवळ धरला आणि झटक्यात वर ओढला. सर्जा मला सोडून तोंडावर पडला. फरशीवर नाक फुटल्याचा आवाज मी ऐकला. तो रक्तबंबाळ तोंडानं उठला, मामांच्या पोटात डोकं घातलं आणि त्यांना भिंतीपर्यंत रेटत नेलं. भिंतीवरचा आरसा फुटला. सर्जानं दोन ठोसे त्यांच्या बरगडीत घातले. म्हातारा कण्हला, पण त्यानं सर्जाची मान काखेत धरली ती सोडली नाही. दोघं गोल फिरले, काचांवर पाय घसरला, आणि पडताना मामा वर आले, सर्जा खाली. पालथा. मामांचा गुडघा त्याच्या पाठीच्या कण्यावर. एक हात हनुवटीखाली. दुसरा डोक्यामागं.

सर्जाच्या घशातून घरघर आली. त्याच्या टाचा फरशीवर आपटू लागल्या.

मामांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या भुवईतून रक्त डोळ्यात उतरत होतं.

"असंच केलं का त्यानं?" त्यांनी विचारलं. "सांग पोरी. असंच?"

मला बोलता येत नव्हतं. घसा दाबला गेला होता. मी मान डोलावली.

त्यांच्या दंडाची शीर तटतटली. सर्जाची मान एका बाजूला वळायला लागली. मी गुडघ्यांवर सरकत गेले, त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि जेवढा आवाज निघाला तेवढ्यात म्हणाले, "मामा, शिट्टी झाली. सोडा."

ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग त्यांची बोटं एकेक करून सुटली. सर्जा फरशीवर गाल टेकून पडला आणि लहानपणी ताप भरला की घ्यायचा तसे मोठमोठे श्वास घेऊ लागला.

मामा उठून खुर्चीवर बसले. बरगडी धरून म्हणाले, "आता दाव."

इथं मला एक सांगायला हवं, जे मी तोपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या कॉम्प्युटरवर दोन फाइली होत्या. एक होती तशीच. दुसरी मी त्या दिवशी मोरीतून परत आल्यावर केली होती. चित्राला हात लावायची गरज नव्हती, पंच दिसतच नव्हता. मी फक्त शिट्टी आणि "चितपट" ही आरोळी तिथून कापली आणि एक्केचाळीस फ्रेम्स पुढं, मान मोडल्यावर नेऊन चिकटवली. कापलेल्या जागी हलगीचा आवाज भरला. इतकं सफाईचं काम मी आयुष्यात कुठल्या लग्नात केलं नव्हतं. मोबाइलचं कार्ड ब्लाउजमध्ये लपवलं होतं. ते खराब निघालं, असं सांगणार होते. मामांनी ती दुसरी फाइल बघावी, डाव होता असं समजून घरी जावं, म्हणून मी सर्जाच्या येण्याच्या आधीच ती लावून ठेवली होती.

मॉनिटर धुरानं काळवंडला होता, तो मी पदरानं पुसला. माऊस हातात घेतला. दोन्ही फाइली एकमेकींशेजारी होत्या. मागं माझा भाऊ धापा टाकत होता. त्याची मान सरळ होती, कारण या माणसानं ती सरळ ठेवली होती.

मी लावलेली फाइल बंद केली. पहिली उघडली.

शिट्टी वाजली. आरोळी आली. बिरू हसला. मामा म्हणाले, "थांबव." मी थांबवलं. ते पुढं वाकले आणि पडद्यावरच्या हसणाऱ्या तोंडाकडं पाहत राहिले. "शाबास म्हंतोय," ते स्वतःशीच पुटपुटले. "मीच शिकवलंय त्येला. हरलास तर पाठीवर थाप द्यायची." मग हातानं खूण केली. मी एकेक फ्रेम पुढं नेली. शेवटाला त्यांनी डोळे मिटले नाहीत. सर्जानं मिटले. तो फरशीवर उठून बसला होता, आणि काचेच्या तुकड्यांत हात टेकून भिंतीकडं तोंड करून होता.

"मामा," मी म्हणाले, "हा माझा भाऊ आहे. मी तुम्हाला सांगितलं नाही."

"ठाऊक हुतं मला."

"केव्हापासून?"

"यायच्या आदीपासनं. विटं सोडून दुसरीकडं काय दुकानं न्हाईत व्हय? दुसऱ्या कुनी दावलं असतं तर लोक म्हनले असते, म्हाताऱ्यानं करून घेतलंय. भैनीनं दावल्यालं कोन खोटं म्हनंल?"

"आणि मी खोटंच दाखवलं असतं तर?"

त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं भुवई दाबली. "तर खरं मानून घरी गेलो असतो."

पोलिसांना फोन मी केला. सर्जा पळाला नाही. पोलीस येईपर्यंत तिघंही त्या धुरात बसून होतो. मी त्याच्या नाकाला ओला फडका लावायला गेले, तर त्यानं तो घेतला, पण माझा हात बाजूला केला.

खटला दोन वर्षांनी उभा राहिला. मूळ टेप जळाली होती. राहिली होती ती मी उतरवून घेतलेली फाइल, आणि ती खरी आहे हे सांगणारी मी एकटीच. सर्जाच्या वकिलांनी जप्त केलेल्या कॉम्प्युटरमधून दोन्ही फाइली काढून कोर्टापुढं ठेवल्या.

"यातल्या एकीत शिट्टी आधी आहे, एकीत नंतर. दोन्ही तुम्हीच केल्यात. खरी कोणती?"

"जिच्यात माझा भाऊ दोषी दिसतो, ती."

"हे तुम्ही म्हणता."

"मी पोलिसांना दिलेल्या कार्डावरचा मोबाइलचा आवाज लावा," मी म्हणाले. "तो मी धरलेला नाही. दोन्ही फाइलींतल्या हलगीवर तो बसवून बघा. एकीवर ठोक्याला ठोका बसेल. दुसरीत शिट्टी कापलेल्या जागी मी भरलेली हलगी आहे, तिथं घोळ होईल."

लावलं. भर कोर्टात तीनदा शिट्टी वाजली. पहिल्या फाइलीत आवाज जुळला, दुसरीत फाटला. सर्जा पिंजऱ्यात खाली बघत होता.

वकिलांनी शेवटचा प्रश्न विचारला. "भावाला वाचवायची फाइल तयार होती. मग ती दाखवली का नाही?"

"मासाळमामांनी त्याची मान सोडली होती," मी म्हणाले. "त्यानंतर माझा हात तिकडं गेला नाही."

सर्जाला सात वर्षांची शिक्षा झाली. त्यातली पाच वर्षं मी महिन्याला एकदा जेलच्या दारात जाऊन बसले. तो भेटायला बाहेर आला नाही. सहाव्या वर्षी आला, जाळीपलीकडं उभा राहिला, काही न बोलता वीस मिनिटं थांबला आणि गेला. सुटल्यावर तो विट्याला आला नाही. कुठल्याशा साखर कारखान्यात वॉचमन आहे असं ऐकते.

निकालानंतरच्या महिन्यात मात्र मासाळमामा परत दुकानात आले. बरोबर बायको होती. ठकूबाई. हाडकुळी, एका डोळ्यात मोतीबिंदू झालेली. ती दाराशीच थांबली, माझ्याकडं बघेना. मामा एकटे काउंटरपाशी आले आणि आवाज खाली करून म्हणाले, "हिनं त्येची कुस्ती कदी बगितली न्हाय. बायका मैदानावर जात न्हाईत आमच्यात. म्हंती, एकदा तरी बगू द्या. तर ते शेवटचं काढून दे. बिरू हुबा हाय तितनंच तोड."

कोर्टानं दिलेल्या सीडीवरून मी ती फाइल पुन्हा उतरवली, पुन्हा तिचा प्रकार बदलला. सलामीपासून चालू केली. बिरूनं सर्जाला एकदा उचलून फिरवलं होतं, अख्खी जत्रा उभी राहून ओरडत होती, तिथं चित्र थांबवलं आणि पुढचं सगळं काढून टाकलं. मग ठकूबाईला हाताला धरून आत आणलं आणि पडद्याच्या अगदी जवळ बसवलं.

तिनं सगळी कुस्ती पापणी न लववता पाहिली. हौद्यात दोन पोरं एकमेकांच्या खांद्याला डोकं लावून जोर करत होती, अंगाला माती, घामानं माती ओली.

चित्र संपलं. ठकूबाईनं दुसऱ्या पैलवानावर बोट ठेवलं.

"ह्यो तुजा?"

"हो."

तिचं बोट पडद्यावरून हललं नाही.

"पोरंच हायती की गं दोगं," ती म्हणाली. "परत लाव."